नूतनीकरण

अर्जाचा नमुना ‘ड’, पाने सहा.
संपूर्ण नाव: सुलक्षणा गणपतराव बोईनवाड.
कामाचं ठिकाण: मध्यवर्ती कारागृह, हर्सूल,
दर मंगळवारी आणि शुक्रवारी.
कोणावर उपचार करता, या रकान्यात
दोन इंच जागा.
‘लैंगिक गुन्ह्यांतील शिक्षाबंदी’ लिहिते,
अक्षर बारीक काढते, तरी शेवटचा ‘दी’
चौकटीबाहेर जातो.

पर्यवेक्षणाखालचे तास: दोनशे.
पानोपानी काझी मॅडमची सही हवी.
त्या आता नांदेडला, दोन्ही गुडघे बदललेले,
फोनवर अजून पहिलं हेच,
“जेवलीस का? मग सांग, तो काय म्हणाला.”
आणि फोन ठेवताना,
“त्यातलं तू किती खरं धरलंस?”
याला गुण नाहीत.

त्यांनीच शिकवलं,
समोर बसण्याआधी दोषारोपपत्र वाचायचं,
पंचनाम्यासकट, मधलं पान न गाळता.
पोरीच्या नावावर काळी पट्टी असते
पण एखादी पट्टी फिकी निघते.
मला अशी चार नावं माहीत आहेत.
मी ती कुठंच लिहीत नाही.

“चूक झाली मॅडम,” तो म्हणतो.
झाली नाही. केलीस. परत बोल.
एकाला ‘केली’ म्हणायला
अकरा महिने लागले.
मे महिना, पंखा बंद,
म्हणाला आणि तिथंच ओकला.
हे तासांत धरायचं का
सूचनापत्रकात दिलेलं नाही.

आई शेजारणीला सांगते, “जेलात हिशोबाला हाय.”
मला विचारते, “त्या मुडद्यांशी काय बोलायलीस गं?
त्या लेकरांशी बोलायला कोण हाय?”
एक जण आहे.
कंत्राटी. मार्चपासून पगार नाही.
मी भाकरी मोडते,
आईला हे सांगत नाही.

सत्यप्रतींसाठी टी.व्ही. सेंटरला,
मन्मथ झेरॉक्स.
कागद काचेवर पालथा घालताना
मालकानं मथळा वाचला, हात थांबला.
त्या थांबण्याची मला सवय आहे,
पुढं एक तर शिवी येते
नाही तर सुटे पैसे, तोंडाकडं न बघता.
यानं गिऱ्हाइकं जाऊ दिली.
तेवढ्यात लाइट गेली.
अर्ध्या अंधारात म्हणाला,
“ताई, तुमच्याकडं यायला
आधी करावंच लागतंय का?”

मशीनचा पंखा अजून फिरत होता.
“कुणाला हात लावला नाही. शपथ.
पण शिकवणीच्या पोरी नोट्स घेऊन येतेत,
तर चार ते सहा मी पुतण्याला बसवायलाव.
घरी म्हणलं, कंबर दुखती.”

मी पर्स खाली ठेवली.
स्टूल ओढलं दाराजवळ, दार उघडं,
असा नियम आहे.
काय बोललो ते इथं येणार नाही,
तोही नियम.
एवढं सांगते, पुतण्याला बसवायचं
हे त्याचं त्यानं शोधलं होतं
आणि ते मी त्याला दोनदा ऐकवलं.
सोमवार दिला. खोलीचा नंबर
त्याच्याच एका वाया गेलेल्या प्रतीमागं लिहिला.
लाइट आली,
मशीननं अडकलेलं पान बाहेर टाकलं,
माझंच, अर्धं काळं.

पन्नास मिनिटं.
मान्यताप्राप्त संस्था: नाही.
पर्यवेक्षक: नाही.
गुन्ह्याचे कलम:
इथं पेन बराच वेळ टेकून राहिलं
आणि शाईचा ठिपका पडला.
आता पान पुन्हा भरावं लागेल.

रात्री नांदेडला फोन लावला.
“जेवलीस का?”
नाही.
“मग आधी जेव.”
जेवले. परत लावला. सगळं सांगितलं.
त्या बराच वेळ गप्प, मग नेहमीचं,
“किती खरं धरलंस?”

बारा प्रतींचे चोवीस रुपये द्यायचे राहिलेत.
उद्या देईन.
चार ते सहाच्या मधेच जाईन
आणि रस्त्यापलीकडून आधी बघेन
मशीनजवळ कोण उभं आहे.