रुमालाखालचा भाव

मिरजेच्या कॉलेजात, शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये
एकतीस वर्षं मी बादल्या उचलल्या.
बादलीत मेंदू.
पहिल्या दिवशी फॉर्मॅलिननं डोळे चुरचुरले,
शेडबाळकर मॅडम म्हणाल्या,
'नेमगोंडा, आज काय रडायचं ते रडून घ्या.'

मुरलेला मेंदू थिजलेल्या खरवसासारखा लागतो हाताला.
मी तागडीवाल्याचा पोरगा,
तळहातावर घेऊन वजन सांगायचो: सव्वा किलो, वर थोडं.
मॅडम काट्यावर ठेवायच्या
आणि काही बोलायच्या नाहीत.

सातवी शिकलेलो. पण मॅडम बाहेर गेल्या की
पोरांना मीच सांगायचो:
हा मोठा मेंदू, घड्या घालून कवटीत कोंबलेला,
उलगडला तर खांद्यावरच्या रुमालाएवढा.
हा मागचा लहान, चिरला की आत झाडाची नक्षी;
सायकलवरून पडू देत नाही तो हा.
हा देठ. झोपेतला श्वास याच्याकडं.
आणि खाली मज्जारज्जू, करंगळीएवढा,
कमरेच्या जरा वरच संपतो,
पुढं घोड्याच्या शेपटासारख्या नुसत्या दोऱ्या.
परीक्षेच्या आदल्या रात्री
मेंदूत टाचण्या मीच रोवायचो, कागदी झेंडा लावून.
डाव्या कानशिलाच्या पुढं, क्रमांक सात:
बोलण्याची जागा.

भूपाल आण्णा, माझा बाप,
सांगलीच्या हळदीच्या सौद्यात पन्नास वर्षं.
मागल्या चैत्रात जेवता जेवता
त्याचा उजवा हात ताटातच राहिला.
त्या दिवसापासून तोंडात एकच शब्द: 'बरं.'
चहा देऊ? बरं.
दुखतंय का? बरं.
अकरा वर्षांमागं गेलेल्या आईचा फोटो दाखवला,
बरं.

फिल्म खिडकीच्या उजेडात धरली.
नखाएवढा काळा डाग.
जागा बघताच ओळखली मी,
झेंडा तेवढा नव्हता.

डाग डावीकडं, हात गेला उजवा.
वाटा मानेपाशी एकमेकींना ओलांडतात,
हे सांगताना पोरांसमोर मी हातांची फुली करायचो.
खाटेपाशी तशीच फुली घालून उभा राहिलो,
सांगायला कुणी नव्हतं.

लहानपणी बाप मला हरिपूरला पेवांवर न्यायचा.
अरुंद तोंड, आत माणूस उभा राहील एवढा काळोख,
काळोखात हळद.
कुणी उतरायच्या आधी दोराला बांधून कंदील सोडायचे.
विझला, तर त्या दिवशी पेव बंद.
'वर हवा आहे म्हणून खाली असंल असं न्हाई,' बाप म्हणायचा.

वॉर्डातल्या पोरसवद्या डॉक्टरनं
बापाच्या डोळ्यात टॉर्च मारला.
बाहुली आक्रसली.
माझ्या मुठीत दोर असल्यासारखी मूठ वळली.

रात्री सगळे घरी गेल्यावर
मी त्याचा रुमाल घेतला, त्याच्या डाव्या हातावर टाकला,
आणि आत माझी बोटं सरकवली.
(आयुष्यभर त्यानं सौदा उजव्यानं केला.
डावा हात छत्री धरायचा.)
तीन बोटं धरून दाबली मी. तीन हजार.
तो माझ्याकडं बघत राहिला.
नळाला पाणी आलं, कुणाची तरी बादली भरली.

मग रुमाल हलला.
माझी बोटं त्यानं झिडकारली,
कमी भाव सांगणाऱ्या व्यापाऱ्याची झिडकारायचा तशी,
आणि चार धरली. चार,
वर तर्जनीचं एक पेर.
तोंडानं म्हणाला, 'बरं.'

हे कुठं असतं, ते मला ठाऊक नाही.
एकतीस वर्षांत तिथं मी टाचणी रोवली नाही,
मॅडमनीही सांगितली नाही.

मी साडेतीनवर आलो.
तोंड म्हणालं, बरं.
हात म्हणाला, चल, ऊठ इथनं.