तुळईवरचं तारू

जांबोटीच्या पुढं, रस्ता जिथं चढायचं सोडून
विचार करू लागतो,
तिथं सातेरीच्या देवळात एक तुळई आहे फणसाची
आणि तुळईवर एक तारू.

इथून समुद्र दिसत नाही.
कुठल्याच झाडावर चढून दिसत नाही,
मी लहानपणी चढून पाहिलंय.

आज ठसा घ्यायला आलोय.
पातळ कागद, कोळशाची कांडी, शाळेची शिडी,
आणि शिडी धरायला नववीतला इनास सोज,
ज्याला चित्रकला सोडून सगळं येतं.
"सर, वल्ही गाडीच्या आऱ्यांसारखी हाईत की,"
तो खालून म्हणाला.

आहेत खरी.
वल्ह्यांना तुंबा आहे, शिडाला गोणपाटाची शिवण,
खालच्या माशाला वशिंड,
आणि नाळेवर उभ्या माणसाच्या डोक्यावर
भर दर्यात, घोंगड्याची खोळ.
कोरणाऱ्यानं दर्या पाहिला नव्हता.
कुणीतरी तो त्याला सांगितला होता
मिठाच्या गोण्या उतरवता उतरवता,
दम खाताना जेवढा सांगून होतो
तेवढाच.

लुमाण्णा गुरव म्हणतो, कोरणारा डिचोलीचा, पुरसो च्यारी.
पलीकडच्या आळीतले बडिगेर म्हणतात,
आमचाच खापरपणजा, हलशीहून आलेला;
गोव्याच्या माणसाला फणस खाता येतो, कोरता येत नाही.
दोघांकडचा चहा मी पितो.
तुळईच्या पोटाला सही नाही,
अंगठ्याएवढी एक खूण फक्त,
शंखासारखी, किंवा कानासारखी.

कागद दाबला. कोळसा आडवा फिरवला.
आधी लाकडाच्या रेघा आल्या,
रेघांतून डोलकाठी,
डोलकाठीवर पोपट.
पोपट! इतकी वर्षं खालून मला ती लाकडाची गाठ वाटायची.
मग वराम्याशी सुकाणू धरून बसलेला दाढीवाला,
मस्कतचा असेल, मलबारचा असेल,
कानात मात्र भिकबाळी, थेट आमच्या पाटलासारखी.
परका माणूस कोरताना
हात कुठंतरी ओळखीचा दागिना घालतोच.

या वाटेनं खाली गेली शहापूरची लुगडी, गूळ, तूप,
आणि संकेश्वरची मिरची,
जी मुळात समुद्रातूनच वर आली होती
आणि आता आमचीच म्हणून परत निघाली होती.
वर आलं मीठ, सुकी सुंगटं,
तडा गेलेली एक चिनी बशी,
आणि 'चावी' हा शब्द,
जो लुमाण्णा कमरेला लावून फिरतो.

नारळ घेऊन आलेल्या निंगव्वानं वर बघितलं.
म्हणाली, "हडगु."
इनास म्हणाला, "तारूं."
माझ्या वहीत लिहिलेलं होतं, गलबत.
तिघांनी तीन नावं ठेवली, चांगल्या अर्थानं,
आणि लाकूड गप्प.
बारशातही असंच असतं,
बाळ झोपलेलं असतं.

शेवटी तळाचा भाग राहिला, वाळवीनं खाल्लेला.
तिथं कोळशाला काही सापडेना.
माल भरायची जागा कागदावर पांढरीच उरली.
इनास म्हणाला, "मीठ असंल."
मी खोडून काढलं नाही.

आणि तोंड?
शिडीवरून उतरल्यावर लक्षात आलं:
नाळ पश्चिमेला नाही.
तारू घाटाकडं पाठ करून
खानापूरच्या दिशेनं निघालंय,
बैलांच्या वेगानं,
कुणीच अडवलेलं नाही.

संध्याकाळच्या बसमध्ये सुरळी मांडीवर आडवी,
टोक शेजारणीच्या भाजीच्या पिशवीत.
कंडक्टरनं बोट दाखवलं, "एनिदु?"
"हडगु," म्हणालो.
त्यानं मशीनवर थोडा वेळ शोधल्यासारखं केलं,
हसला, आणि पुढं गेला.
लगेजच्या दरात ते बसत नव्हतं.