ताका फाडत नाहीत

अर्जातला सातवा रकाना विचारतो:
मागितलेल्या दोनशे छप्पन्न पत्त्यांपैकी
पहिल्या वर्षी किती वापराल?
मुळ्येबाईंनी लिहिलंय: एक.
दुसऱ्या वर्षी?
एक.
लपवाछपवी नाही.

तेरा वर्षं मी या खुर्चीत अर्ज नाकारतोय.
स्नेहलतागंज, दुसरा मजला,
खालच्या झेरॉक्सवाल्याची धग जिन्यात.
पत्ते संपत आले तेव्हापासून
'नाही' इतक्या परींनी लिहिलंय
की आता 'हो' लिहिताना काना-मात्रा तपासतो.

पण धोरणात एक कलम आहे, अकरा-ब.
नावांचे पत्ते सांगणारा जो सर्व्हर
एकाच पत्त्यावर चौदा गावांत उभा राहणार
त्याला अख्खा गट द्यावा,
उरलेल्यांचा हिशेब विचारू नये.
कारण त्याहून लहान तुकड्याला
जगातले राउटर ओळख देत नाहीत,
उंबऱ्यावरूनच परत पाठवतात.

मी मंजूर केलं.

दुपारी सोलंकीचा फोन. महिपाल, राऊचा केबलवाला.
नऊशे घरं, पत्ते चार.
दोन वर्षं प्रतीक्षायादीत, नंबर तीनशे सहा.
यादी सगळ्यांना दिसते. मंजुरीही दिसते.
"भिया, एक के वास्ते दो सौ छप्पन?"

मी कलम वाचून दाखवलं. मग पुन्हा, सावकाश.
तो गप्प. मागे कुणीतरी शिडी ओढत होतं.
मग म्हणाला, आमचे बाऊजी बजाजखान्यात गुमास्ते होते.
रुमालापुरतं मागणाऱ्याला शेटजी सांगायचे,
इथे ताका फाडत नाहीत,
न्यायचा तर अख्खा न्या.
समजलं, म्हणाला.
"पर भिया, बचा कपड़ा किधर जाता है?"

त्याचा रकाना अर्जात नाही.

दीड महिन्यानं विजयनगरच्या एका तळघरात
मुळ्येबाईंचं यंत्र सुरू झालं.
मी घरून, लोकमान्य नगरातून, विचारून पाहिलं.
इतके दिवस उत्तर मुंबईहून यायचं,
एकतीस मिलिसेकंद. आज दोन.
शेजारी देवधरांकडे जाऊन तेच विचारलं.
त्यांची कंपनी वेगळी,
उत्तर दिल्लीहून फिरून आलं.
भिंत एक. त्यांच्या कुकरची शिटी
माझ्या स्वयंपाकघरात वाजते.
जवळ कोण, हे कोस ठरवत नाहीत,
कुणाची तार कुणाला कुठे भेटते, त्यावर आहे.

राऊमध्ये आता दिवे लागले असतील.
चार पत्त्यांमागे नऊशे घरं चेंगरून उभी,
आणि हा एक पत्ता
चौदा गावांत पाय पसरून.
तिथलं एखादं पोर दहावीच्या निकालाचं पान शोधील
तेव्हा तो प्रश्न या एकाच्याच दारी येईल.
आणि हा सांगेल. लगेच.
कोण विचारतंय, ते न विचारता.

उरले दोनशे पंचावन्न.
जेवण झाल्यावर मी एकेकाला हाक मारतो,
दोन, तीन, चार.
कुणी ओ देत नाही.
ओ द्यायला तिथे कुणी नाहीच, हे मलाच तर ठाऊक आहे,
तरी सतरापर्यंत जातो.

उद्या एक कंपनी अर्ज मागे घेतेय.
सोलंकी तीनशे पाचवा.