पाच पुरुष वर

आमच्याकडे विहीर पुरुषांत मोजतात.
एक माणूस हात वर करून उभा,
त्याच्या बोटांवर दुसरा.
दोन पुरुष पाणी, तीन पुरुष कातळ.
चर्चचं छत कशात मोजतात
हे वेंगुर्ल्यात कुणालाच ठाऊक नव्हतं.

कुमसाराच्या खोक्यावर ओल उतरली होती,
एक फळी सुटून लोंबत होती
आणि फेस्त अकरा दिवसांवर.
कुडाळहून आणलेली अॅल्युमिनियमची शिडी
सांत आंतोनच्या खांद्याशी संपली.
वीजमंडळाची उंच गाडी आली,
तिचं नाक दारातून आत आलं, बाकी गाडी बाहेर.

मग कायतान मेस्त शाळेसमोरच्या फुगेवाल्याकडून
गॅसचा लाल फुगा घेऊन आला.
दोरा माझ्या शिवणाच्या डब्यातला, पांढरा.
फुगा गेला. आम्ही सगळे माना वर करून,
फादर तर आ वासून.
वर त्याला काहीतरी टोचलं. फट्.
दोरा आमच्या डोक्यांवर सावकाश उतरत राहिला,
पण कायतानने चिमटीतली जागा सोडली नव्हती.
जमिनीवर ताणून मापला : एकतीस फूट.
"पाच पुरुष," तो म्हणाला, "पण वर."

वेळू आंबोलीच्या उतारावरचे,
काथ्या रात्रभर विहिरीत बुडवलेला.
ओला बांधायचा, वाळताना तो आपणच आवळतो,
हे सांगणारा फोंडू पाडेली.
सकाळचे वीस माड उरकून आलेला,
चर्चात पहिल्यांदाच.
चपला कुठे काढायच्या, त्याने विचारलं.
काढायच्या नसतात, फादर म्हणाले.
त्याने काढल्याच.

तीन पुरुषांवर तो थांबला.
"फादरानू, माडार चडलंय तर वर झावळ गावता.
हय काय आसा धरूक?"
फादर बराच वेळ गप्प.
मग म्हणाले,
"परांची घट्ट बांध."

माझं काम खाली, दोरीचं.
बादली वर, बादली खाली.
खिळे, करवत, निळा रंग, पिवळा रंग,
एकदा चहा, त्यातला अर्धा आल्तारासमोर सांडला
आणि तोही मीच पुसला.
तेवीस वर्षं ही फरशी पुसते आहे.
फडकं पिळताना मान वर गेली
की छतावरचे तारे दिसायचे, बोराएवढे.

"ताटाएवढे आसत गे," वरून फोंडू ओरडला,
"आणि हरेकाच्या मदी खिळो!"

म्हणजे जिथे फळी ठोकली
तिथेच तारा काढला होता,
लोखंड दिसू नये म्हणून.
इतकी वर्षं मी हात जोडून
खिळेच बघत होते.
राग नाही आला.
एवढं आकाश अंगावर कसं पडत नाही
ते एकदाचं कळलं.

नवी फळी फणसाची. चौदा खिळे.
कायतानचे गुडघे गेलेले,
तेव्हा तारेही फोंडूनेच काढायचे ठरलं.
टोकं किती, त्याने विचारलं.
फादर पुस्तक शोधायला आत गेले.
ते येईपर्यंत याचे नऊ तारे झाले होते,
जाळ्यात अडकून येतो तसले,
पाच हातांचे, जाडजूड,
एकाचा हात जरा दुमडलेला.
फादरांनी पुस्तक मिटलं.

फेस्ताला कुणाचंच लक्ष गेलं नाही.
गर्दी खाली होती, मेणबत्त्या खाली,
खाजं, फुटाणे, नव्या साड्या, सगळं खालीच.
फोंडू आला होता. दाराशी उभा,
चपला हातात,
मान वर.

परांची सुटली त्या दिवशी
शेवटच्या बादलीतून हातोडी उतरली,
तीन उरलेले खिळे,
आणि लाल रबराची एक चिंधी.
ती माझ्या शिवणाच्या डब्यात आहे.
एकतीस फूट दोराही आहे,
रिळावर परत गुंडाळायचा राहिलाय.