बत्तीस शिलिंग

त्या खोलीला खिडकी एकच, उत्तरेकडे.
तिच्यातून बीटाचं शेत दिसे आणि शेताच्या टोकाला
धावपट्टीचा काळा तुकडा.
न परतलेल्यांचं सामान आवरायचं, हे माझं काम.
रात्री विमानं मोजणारे वेगळे होते.
माझ्याकडे सकाळी नुसती यादी यायची, टाइप केलेली,
आणि तिच्यावर कुणाच्या तरी कपाचा गोल डाग.

'पी' अक्षराचं ते विमान. जानेवारी, चव्वेचाळीस.
सोळावी खेप.
तीस झाल्या की सुटका, असा तेव्हा हिशेब होता.

वैमानिक हेडली क्रॉसबी, वय बावीस.
कपाटात सगळं घडी घालून,
जणू आईच येऊन आवरून गेलेली.
गादीखाली मात्र एक अर्धं पत्र:
'बाबा, तुम्ही म्हणत होता ते'
पुढे कोरं.
पाठवावं की नाही, यावर मी दुपारभर बसले.
पाठवलं.

मॅक्लिश नॅव्हिगेटर, कॅनडाचा.
त्याच्याकडे तीन जणींची पत्रं,
त्यांतली एक त्याची बायको.
घरी दुखेल असं काही जाऊ नये, हा नियम.
म्हणून उरलेल्या दोघींना मी शेगडीत घातलं.
एकीचं अक्षर फार सुरेख.
कागद जळता जळता वळला आणि एक ओळ वर आली:
'मोजे मिळाले का?'

इमरिस पॅरी शेपटाकडे बसायचा, बंदुकीमागे,
सगळ्यांना पाठ करून.
त्याची सव्वीस पत्रं, सगळी वेल्शमध्ये.
वाचायला हवी होती. मला काय कळणार?
जी भाषा येत नाही तिच्यात काय काय दुखतं, कुणास ठाऊक.
सुतळीने बांधली, तशीच दिली धाडून.

ओकडेनचा दाढीचा ब्रश अजून ओला होता.
कीननचं काही आठवत नाही, आणि त्याची लाज वाटते.
थ्रॅप एकोणीस वर्षांचा; दोन सफरचंदं,
एक चावलेलं.

आणि लायनेल स्टोक्ली, बॉम्ब सोडणारा.
विमानाच्या नाकात पालथा पडून तो खाली बघायचा.
त्याच्या वहीत पंधरा शहरं,
प्रत्येकापुढे बरोबरची खूण.
खाली कोण राहत होतं, याला रकाना नव्हता.
माझ्या यादीतही नव्हता.
मीही पान उलटलं.

त्याची सायकल, हिरवी, घंटी मोडकी.
सायकल पोस्टाने जात नाही.
रिवाजाप्रमाणे लिलाव झाला, मी घेतली, बत्तीस शिलिंगांना.
पैसे त्याच्या आईच्या नावे पाकिटात.
मग दीड वर्ष त्याच सायकलवर
बाजार, दातांचा डॉक्टर, चर्च,
आणि एकदा कालव्याकाठी, कुणाला तरी मागे बसवून.

पंचेचाळीसच्या जूनमध्ये दारात एक माणूस उभा.
कोट त्याच्या अंगावर नव्हता, तो कोटात होता.
समोरचे दोन दात नाहीत.
म्हणाला, हॉलंडमधल्या त्या मोठ्या सरोवरावर पंख पेटला,
क्रॉसबीने विमान सरळ धरून ठेवलं,
माझ्या पायाखालीच झडप होती, म्हणून मी.
एवढंच. 'म्हणून मी.'
पॅरी एप्रिलमध्ये कोळ्यांच्या जाळ्यात आला.
बाकीचे अजून पाण्यातच.
हे तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बोलला.
चहा दिला, तो दोन्ही हातांनी धरून प्यायला,
कुणी काढून घेईल असा.

सायकलचं कसं सांगावं, मी शब्द शोधत होते,
तर तो म्हणाला,
'घंटी बसवलीत.'
येतानाच पाहिली होती त्याने, भिंतीला टेकलेली.

नेली त्याने. आधी हातात धरून, फाटकापर्यंत,
मग बसला, डगमगला,
बीटाच्या शेताकडेने दिसेनासा झाला.
मी अडीच मैल चालत घरी.

ऑगस्टमध्ये टपालाने एक पाकीट आलं.
आत बत्तीस शिलिंग.
आईने खर्चलेच नव्हते, उघडलंही नव्हतं, असं त्याने लिहिलं होतं.
त्याच्या मोठ्या पाकिटात ते जुनं, लहान.
त्याच्यावर माझंच अक्षर,
नावाआधी 'कै.' लिहून
मग खोडलेलं.