अडीच बाय तीन

कूलर काढला तेव्हा खिडकीच्या जागी
विटा आल्या, सिमेंट आलं, पुट्टी आली
आणि हॉलच्या भिंतीवर उरला
अडीच बाय तीनचा पांढरा चौकोन.

बाकी भिंत राखाडी.
अकरा वर्षांपूर्वी बाबांनी निवडलेली.
आई म्हणाली होती, काहून हो,
घर आहे का कोराडीचा प्लांट?
बाबा म्हणाले, एकतीस वर्षं कॉलरवर राख घेऊन आलो,
आता भिंतच राखेची करू,
झटकायचं काम नाही.

ज्या कंपनीचा डबा होता
तिनं तो शेडच बंद केला.
झाकण तेवढं माळ्यावर सापडलं,
नंबर अर्धा खाल्लेला:
चार, शून्य, गंज, सात.

मग चाकूनं भिंतीचा एक पोपडा काढला, नखाएवढा,
आणि रुमालात गुंडाळून इतवारीत नेला,
सोनाराकडे तुटकी बाळी न्यावी तसा.

मुफद्दलभाईंनी दुसऱ्या कंपनीचं कार्ड उघडलं.
राखाडीचीच तीन पानं.
ओला दगड. कबुतराची मान. पहाटेचं धुकं.
नागपुरात धुकं, मुफद्दलभाई?
"जानेवारीत दोन दिवस राहते ना," म्हणाले,
आणि चिमट्यात पोपडा धरून उलटसुलट केला.
"मागून गुलाबी आहे, ताई.
कोणती बाजू मोजू?"

मी थोडा वेळ काहीच बोलले नाही.
तो गुलाबी मी विसरूनच गेले होते.
आईनं आणला होता तो.
राखाडी, म्हटलं. राखाडीच मोजा.

मशीननं पांढरा उजेड टाकला, विचार केला,
आणि सांगितलं: सत्त्याण्णव टक्के.
उरलेले तीन?
"ते राहतातच. त्यांचा पांढरा वेगळा, यांचा पांढरा वेगळा.
काळा सगळ्यांचा सारखा दिसते,
पण पांढऱ्यात सोडून पहा,
एकाचा निळा निघते, एकाचा तपकिरी."

उरकुडा पेंटरनं बोटावर रंग घेतला,
चौकोनाच्या कडेला पुसला आणि खाली बसला.
"आत्ताच पाहू नका. ओला रंग खोटं बोलते."
वाळला.
ट्यूबलाइटखाली जुळला.
पूर्ण चौकोन मारला, पैसे ठरले, तो गेला.

सकाळी निळसर वाटला.
मनाचा खेळ, म्हटलं.
दुपारी चारला दारातून ऊन तिरपं आत आलं
आणि कूलर परत भिंतीत येऊन बसला,
तेवढाच उंच, तेवढाच रुंद,
फक्त घरघर नाही
आणि वाळ्याचा वास नाही.

उरकुडाला परत बोलावलं.
तो भिंतीला नाक लावून उभा राहिला बराच वेळ.
"ताई, डब्यातला रंग कालचा हाय,
भितीतला अकरा वर्साचा.
तेनं उन्हाळे खाल्ले, उदबत्त्या खाल्ल्या, फोडण्या खाल्ल्या.
नंबर जुळन, वय कसं जुळन?"
तरी त्यानं पिवळ्याचे चार थेंब टाकले, तांबड्याचा एक,
काडीनं ढवळलं,
पुन्हा एक तांबडा,
आणि मग म्हणाला, आता बस, नाहीतर चिखल होते.

दुसरा हात वाळल्यावर
बाबांना खुर्चीसकट समोर आणलं.
त्यांचं मोतीबिंदू एकाच डोळ्याचं काढलंय, उजव्या.
त्यांनी उजवा झाकला, पाहिलं.
डावा झाकला, पाहिलं.
परत उजवा.
उरकुडा ब्रश हातात धरून, निकालाला उभा असल्यासारखा.

"डाव्यानं जुळते," बाबा म्हणाले.
"उजव्यानं अजून जरा निळा आहे."

कोणीच काही बोललं नाही.
उरकुडानं बादलीत ब्रश बुडवला,
पाणी राखाडी झालं,
कोणत्याच कंपनीचं नसलेलं.

"डावा कधी करायचा म्हणाले डॉक्टर?"
दिवाळीनंतर, बाबा.
"मग दिवाळीपर्यंत बरोबर आहे,"
ते म्हणाले,
आणि उजवा डोळा झाकूनच
चहा मागितला.