भाग दुसरा

लग्न माझं एका दिवसात झालं,
सीडी मात्र दोन आल्या.
पहिली संपायची नेमकी अंतरपाट धरलेला असताना.
मग कोणीतरी उठायचं, दुसरी शोधायचं,
ती सापडायची कूलरवर, पालथी, शिंतोडे उडालेली.
मी पदराने पुसत बसायची
आणि नवरा माझा तेवढा वेळ
अंतरपाटापलीकडे ताटकळत.

त्याच्याही आधी कॅसेट होती.
पाचपावलीच्या हेडाऊने काढलेली,
खांद्यावर कॅमेरा, मागे लाइट धरलेला पोरगा,
आणि त्या लाइटमागे सगळे किडे.
तिच्यावर दिराने मॅच टेप केली.
"बिदाईचाच तुकडा घेतला वहिनी,
तसंही त्यात तू रडूनच राहिली होती."
म्हणून सीडीत मी गाडीत पाय ठेवते
आणि एकदम हिरवं मैदान,
कोणीतरी बाउंड्रीकडे पळतंय.

मग बर्डीवरचा एक दुकानदार म्हणाला, ताई,
डीव्हीडी करा, एकातच बसते सगळं.
बसलं.
वर गुलाबाच्या पाकळ्या पडणारा मेनू,
चार खिडक्या: हळद, लग्न, पंगत, बिदाई.
पंगत दाबली की हळद लागायची.
बिदाई दाबली की प्लेअर म्हणायचा, डिस्क नाही.
अरे, तुझ्या पोटात आहे ना ती!
मे महिन्यात एका दुपारी ती स्कूटीच्या डिक्कीत राहिली
आणि वाकली. थोडीशीच.
थोडंसं पुरतं.

बरं तर बरं, प्रज्वलने आधीच
पेनड्राइव्हवर उतरवून घेतली होती.
टीव्हीला ती फाइल चालेना.
नव्या लॅपटॉपला डिस्कची फटच नाही,
मी कडेकडेने बोट फिरवून पाहिलं, चारही बाजूंनी गुळगुळीत.
"आई, आता कोण ठेवते घरात? वर टाकून देतो,
कुठूनही पाहा, कधीही पाहा."
टाकलं. आणि पेनड्राइव्ह रिकामी केली,
त्याला जागा लागत होती.

तिसऱ्या दिवशी आवाज गेला.
पूर्ण. दोन तास अकरा मिनिटं मुकी.
वरातीत वाजलेलं गाणं कोण्या कंपनीचं आहे म्हणे.
इतवारीचा बँड तो, क्लॅरिनेट सर्दी झाल्यासारखा,
मला भर मांडवात ओळखू आलं नव्हतं ते गाणं,
कंपनीला आलं.

गाण्याचं मला काही नाही.
पण पंगतीत बाबा बोलतात.
फोनवर ते कधी बोललेच नाहीत,
वाजला की आईकडे द्यायचे, गरम भांडं असल्यासारखा.
माग चालवून चालवून कान मंदावलेले,
त्यामुळे बोलायचे ते ओरडून, आणि कमी.
आता जाऊन नऊ वर्षं झाली.
सगळ्या जगात एवढीच एक जागा,
आणि तिथेच माझ्या घरचे लोक
एकाहून एक नवीन मशीन आणून राहिले.

काल माळ्यावरून जुना प्लेअर काढला.
सीडी, भाग दुसरा.
चित्राचे चौकोन होऊन गळतात,
आवाज मात्र तोतरत तोतरत पुढे जातो.
म्हणून मोबाइलवर मुकं चित्र लावलं
आणि प्लेअरवर नुसता आवाज.
जमता जमत नाही.
बाबांचं तोंड उघडतं माझ्या हातात
आणि शब्द येतो दोन सेकंदांनी, कपाटाकडून.
पुन्हा लावलं, तर शब्द आधी,
बाबा अजून बादलीतून भाजी घेतायत.
प्रज्वल दारात उभा राहून पाहत होता,
काही बोलला नाही, कूलर तेवढा बंद केला,
म्हणजे ऐकू येईल.

सहाव्या खेपेला जुळलं.
बाबा वळले, सरळ माझ्याकडे पाहिलं,
म्हणजे हेडाऊकडे,
आणि ओरडले,
"बंद कर ना बे ते. जेवून घे आधी."

हेडाऊ भला माणूस.
दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.